विहिरीचा आलेख उलटा का आला?

(तालुक्याच्या गावी वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पोरांनो, आणि मागं बसलेल्या पालक मंडळींनो, नमस्कार. लाइटचा काही भरवसा नाही, म्हणून प्रास्ताविक गुंडाळतो.

आज ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढायचा आहे. नाव ऐकून हार्मोनियमचं सप्तक आठवेल, पण त्याचा इथे संबंध नाही. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये हे सॉफ्टवेअर जोमानं लिहायला घेतलं आणि केमिकल इंजिनिअरिंगच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं, नाव त्याला दिलं. ते फुकट मिळतं. मॅटलॅब नावाच्या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरला पैसे पडतात, पण त्यातल्या साध्या आज्ञा बहुतेक इथंही तशाच चालतात.

आता पडद्याकडं बघा. एक्स बरोबर शून्य, कोलन, एक, कोलन, सहा. म्हणजे शून्यापासून सहापर्यंत एकेक पाऊल, एकूण सात आकडे. वाय बरोबर साइन एक्स. मग प्लॉट, कंसात एक्स, स्वल्पविराम, वाय. काय आलं? पऱ्हाटीची काडी जागोजागी मोडावी तशी रेघ! मधलं पाऊल एकऐवजी शून्य पूर्णांक एक करा. आता एकसष्ट आकडे झाले आणि लाट गुळगुळीत आली. तरी ती खरी वळलेली नाहीच. ऑक्टेव्ह टिंबाला टिंब सरळ रेघेनंच जोडतो, फक्त टिंबं दाट झाली. टिंबं किती आणि कुठं, हे त्याला आपण सांगायचं.

एक्सचा वर्ग काढताना बहुतेक सगळे अडतात. एक्स म्हणजे एक आकडा नाही, आकड्यांची रांग आहे. नुसतं घातचिन्ह (^) दिलं की सॉफ्टवेअरला वाटतं, रांगेला रांगेनं मॅट्रिक्ससारखं, म्हणजे आकड्यांच्या अख्ख्या चौकटीसारखं गुणायचंय, आणि ते तक्रार करतं. घातचिन्हाच्या आधी एक टिंब द्या. म्हणजे प्रत्येक आकड्याचा वेगवेगळा वर्ग. एवढ्याशा टिंबापायी पहिल्या दिवशी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

आता विहीर. आमच्या वर्गातल्या एका पोरानं घरच्या विहिरीचं माप आणलं. काठापासून पाणी किती फूट खाली, ते महिन्याला एकदा. मेमध्ये ४१, जूनमध्ये ३८, ऑगस्टमध्ये १६, सप्टेंबरमध्ये ९. जुलैत डवरणीची घाई होती, माप राहून गेलं, म्हणून त्यानं शून्य भरलं. आलेख आला आणि मागून आवाज, “सर, पावसाळ्यात याच्या इहिरीचं पाणी उतरते काऊन?”

प्रश्न बरोबर होता. पाणी चढलं की अंतर कमी होतं, म्हणून रेघ खाली येते. आकडे खरे, चित्र उलटं. ‘अ‍ॅक्सिस आयजे’ ही आज्ञा द्या, उभा अक्ष उलटा होतो, शून्य वर येतं, आणि विहीर विहिरीसारखी दिसते. पण मग जुलैचं ते शून्य उघडं पडलं. अंतर शून्य म्हणजे विहीर काठोकाठ! माप न घेतलेल्या महिन्यात शेतात पूर आला होता जणू.

अशा जागी ‘एनएएन’ लिहायचं, म्हणजे ‘इथं आकडा नाही’. तिथं रेघ तुटते. फक्त एक करा, टिंबांवर गोल खूण मागा. नाही तर एखादं माप दोन्ही बाजूंनी एकटं पडलं, तर ते दिसणारच नाही. पोरगा म्हणाला, “तुटकी रेघ बरी नाही दिसत जी.” म्हटलं, बावा, जुलैत तू विहिरीवर गेलाच नव्हता ना?

अक्षांची नावं, एकक, शीर्षक यांच्या आज्ञा सोप्या आहेत, फळ्यावर लिहून ठेवतो. मीटर आणि फूट एकाच रांगेत मिसळू नका, एवढंच.

पुढच्या शनिवारी आपापल्या विहिरीचं माप आणा. टेप नसेल तर दोराला फुटाफुटावर गाठी मारा, खाली दगड बांधा. आणि वाकून बघू नका, काठ ओला असतो.