सिक्लिडचा टँक लावताना पैसे कुठं घालायचे

मंडळी, माशांबद्दल ऐकायला सांगलीत एवढी माणसं आलीत हे बघून लई बरं वाटलं. तर सिक्लिड, आपल्याकडं दुकानात सिचलिड म्हणतात, त्यात ऑस्कर आला, फ्लॉवरहॉर्न आला, एंजल पण त्यातलाच, आणि कोकणात खाडीत मिळणारा कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तो सुद्धा याच कुळातला. पण आज मी आफ्रिकेतल्या मालावी तलावातल्या त्या पिवळ्या-निळ्या माशांबद्दल बोलणार, कारण नवीन माणूस रंगावर भुलून तेच उचलतो आणि दीड-दोन फुटी टँकमध्ये सोडतो, आणि मग महिन्याभरात एकच उरतो, बाकीचे त्यानं मारलेले असतात.

हे मासे दगडांच्या कपारीत राहणारे, एक नर एक कपार धरून बसला की दुसऱ्याला फिरकू देत नाही. त्यामुळं टँक लांब पाहिजे, उंच नाही. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच घ्या, साधारण २५० लिटर पाणी बसतं. म्हणजे नुसतं पाणीच अडीच क्विंटल, वर काच, दगड, वाळू धरली तर साखरेची ५० किलोची सहा-सात पोती एका जागी रचल्यासारखं आहे, म्हणून टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका, लोखंडी स्टँड करून घ्या, गवंड्याकडची लेव्हल लावून बघा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला. आणि दगड मांडताना आधी दगड तळाला टेकवून घट्ट बसवायचे, वाळू नंतर, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरून काचेवर येतो.

आता फिल्टर. इथं मी जरा वेळ घेणार, कारण माझं म्हणणं एकच आहे, पैसे कमी पडले तर लाईट कापा, शोभेचं सगळं कापा, पण फिल्टर कापू नका. माशाच्या मलमूत्रातनं आणि उरलेल्या खाद्यातनं अमोनिया होतो, तो विषारी, फिल्टरमधल्या स्पंजवर आणि मीडियावर, म्हणजे आत भरलेल्या सच्छिद्र तुकड्यांवर, जे बॅक्टेरिया बसतात ते त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं बरंच सौम्य, ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढायचं. मालावीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, जास्त, साधारण ७.७ ते ८.६, आणि पीएच जास्त असला की अमोनिया अजून घातक होतो, म्हणून या माशांना फिल्टर दांडगाच लागतो. तासाला टँकचं पाणी पाच-सहा वेळा फिरवेल असा बघा, २५० लिटरला १५०० लिटरचा. कॅनिस्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, परवडला तर उत्तम, नाहीतर हवेच्या पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक मोटरवाला पॉवर फिल्टर, चालतंय. स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीननं ते बॅक्टेरिया मरतात, टँकमधनं काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळा.

आणि लाईट जाते तेव्हा काय? २०१९ च्या पुरात आमच्याकडं लाईट गेली ती बरेच दिवस आलीच नाही, पाणी खालच्या मजल्यापर्यंत होतं, आम्ही वर अडकलो. माझ्याकडं सेलवर चालणारा एक छोटा एअर पंप होता, तो स्पंजला जोडला, खाद्य पूर्ण बंद केलं, आणि रात्री उठून उठून बघायचो बुडबुडे येतायत का. बहुतेक मासे जगले. कॅनिस्टरचं मात्र उलट झालं, बंद पडलेल्या डब्यातलं पाणी सडलं होतं आणि मी लाईट आल्या आल्या तो तसाच चालू केला, त्या घाण पाण्यानं दोन मासे गेले, आजही वाईट वाटतं. काही तास बंद राहिला तर आधी उघडून धुवायचा, मगच बटण दाबायचं. सेलवरचा पंप आजच घ्या, महाग नसतो.

हीटर लागतो का, तर सांगलीत मे महिन्यात नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागतो, या माशांना २४ ते २७ अंश बरं. १५० वॅटचे दोन घ्या, ३०० चा एक नको, एक बंद पडला तरी दुसरा सांभाळतो आणि एक चालूच राहून अडकला तरी पाणी लगेच उकडत नाही. पाणी बदलताना हीटर बंद, आणि पाण्यात हात घालायच्या आधी सगळेच प्लग काढा, वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये जात नाही.

लाईट साधी चालते, झाकण मात्र पाहिजेच, हे उड्या मारतात. बोअरचं पाणी जड असलं तरी या माशांना ते मानवतं, फक्त तपासून घ्या. आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, अमोनिया कळत नाही, त्याला थेंबांचं टेस्ट किटच लागतं. टँक भरला की चार ते सहा आठवडे फिल्टर चालवायचा, रोज चिमूटभर खाद्य टाकत राहायचं म्हणजे बॅक्टेरियाला अमोनिया मिळतो, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग मासे.

ते किट मी इथं टेबलावर ठेवलंय, माझ्या घरच्या टँकचं पाणी एका बाटलीत आणलंय आणि दुसऱ्यात हॉलच्या नळाचं, या पुढं, थेंब टाकून रंग बघूया.