सगळ्यांच्या मागून येणारी

[दृश्य : सकाळ. बागेतली ओली पायवाट. धावणाऱ्या पावलांचा आवाज.]

निवेदन :
शनिवारची सकाळ. पाच किलोमीटर धावायला माणसं जमली आहेत. सगळ्यांच्या नजरा पुढे आहेत. आपण जरा मागे बघू या. चमकदार जाकीट घातलेल्या त्या बाई दिसतायत? त्यांचं आजचं काम एकच, सगळ्यांच्या मागून यायचं. कुणी कितीही रेंगाळलं, मध्येच दम खायला थांबलं, तरी शेवटचा नंबर त्याचा लागत नाही. तो या बाईंनी आधीच स्वतःकडे घेतलेला असतो.

हा पार्करन. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघे १३ जण धावले आणि याची सुरुवात झाली. सुरू करणारे पॉल सिंटन-ह्यूइट त्या दिवशी धावले नाहीत, दुखापतीमुळे त्यांना धावणं शक्यच नव्हतं. पण धावणाऱ्या मित्रांची संगत सुटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. मला या साऱ्या गोष्टीत हेच फार मोलाचं वाटतं. ज्याला धावता येत नव्हतं, त्याच्या गरजेतून हे धावणं उभं राहिलं. म्हणूनच असेल, इथे चालत आलं तरी चालतं. फी नाही. वेळ टिपणारे, वळणावर उभं राहून वाट दाखवणारे, सगळे स्वयंसेवक. गुडघे कुरकुरतात म्हणून घरी बसायला नको, घड्याळ धरायलाही माणूस लागतोच.

[दृश्य : कार्यशाळा. रंध्याचा आवाज. लाकडाची कुरळी सालपटं.]

निवेदन :
इथे दोन आजोबा एका फळीवर काम करतायत. एक रंधा मारतोय, दुसऱ्याने फळी घट्ट धरली आहे. दोघांचीही नजर लाकडावर. आणि तशातच, मान वर न करता, एक जण सांगतो की बायको गेल्यापासून रात्री झोप लागत नाही. दुसरा फक्त ‘हं’ म्हणतो. फळी सोडत नाही.

अशा जागांना ‘मेन्स शेड’ म्हणतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात त्या रुजल्या. निवृत्तीनंतर अनेक पुरुषांची नोकरी जाते, तसा बोलण्याचा परिघही जातो. ‘मन मोकळं करायला या’ असं बोलावलं, तर यातले किती जण येतील? पण मोडकी खुर्ची दुरुस्त करायची आहे म्हटलं, की पाय आपोआप वळतात. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते खांद्याला खांदा लावून काम करताना निघतं.

[दृश्य : रुंद, गाड्या नसलेला रस्ता. सायकली, पळणारी मुलं.]

निवेदन :
कोलंबियाच्या बोगोटा शहरात तर रस्त्याचंच मैदान होतं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘सिक्लोविया’मुळे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात. नवं काही बांधावं लागत नाही. डांबर तेच, फक्त त्यावरचा हक्क काही तासांपुरता बदलतो.

[दृश्य : पुन्हा बाग. धावपट्टीचा शेवट.]

निवेदन :
बहुतेक जण केव्हाच पोचलेत. तरी वेळ टिपणारा जागचा हललेला नाही. वळणावरून एक स्त्री येतेय, एकेक पाऊल टाकत. तिच्या मागे दोन हातांवर ते चमकदार जाकीट. दोघींच्या गप्पा इथपर्यंत ऐकू येतायत.