पाळी गेल्यावर हार्मोन थेरपी : दुसरी गोळी परस्पर बंद करू नका

नमस्कार. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या हार्मोन औषधांच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला, म्हणजे सगळ्यात गंभीर, इशारा बराचसा काढायचं जाहीर केलं. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच घोषा : "म्हणजे आता बिनधास्त घ्यायची का?" नाही ओ ताई. एक इशारा त्यांनी ठेवलाय, आणि तोच आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडला जातो. त्यावर येतेच.

आधीचं पटापट. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं, अंगातून वाफा येतात, रात्री घामानं गाऊन भिजतो, झोप उडते, हाडं विरळ होतात. सोलापूरचा उन्हाळा, त्यात या वाफा! त्यांच्यावर बाहेरून दिलेल्या इस्ट्रोजेनइतकं (हीच हार्मोन थेरपी) लागू पडणारं दुसरं औषध नाही.

मग एवढी भीती कशाची? २००२ साली अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला दोन्ही हार्मोन एकत्र देणारा भाग मधेच थांबवला. १६ हजारांवर बायका, सरासरी वय ६३. बातमी झाली : स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला! आता आकडे ऐका. गोळी न घेणाऱ्या १० हजार बायकांत वर्षाला ३० जणींना, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे १० हजारांत आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी आठ जास्त, हृदयविकार सात जास्त. खुब्याची मोडलेली हाडं मात्र पाच कमी. हे आठ-आठ थोडे नाहीत, पण ग्रुपवर "२६ टक्के" ढकलणाऱ्यांनो, कशाच्या २६ टक्के तेही लिहीत जा की.

आणि त्या बायकांचं वय पुन्हा बघा. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास होतोय म्हणून सुरू केलं, तर बहुतेकींचं पारडं फायद्याकडे झुकतं. पासष्टीला पहिल्यांदा सुरू केलं तर गणित उलटतं. नुसतं हृदय सांभाळायला किंवा चेहऱ्यावर तेज यावं म्हणून तर घेऊच नका.

आता मुख्य गोष्ट. गर्भाची पिशवी आहे का?

पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर जाड होत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर तिथं कर्करोग होऊ शकतो. ते थांबवायला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं, तीच ही दुसरी गोळी. नेहमीचा डोस : मायक्रोनाइज्ड (बारीक कण केलेलं) प्रोजेस्टेरॉन रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातल्या १२ ते १४ रात्री २०० मिलिग्रॅम. बायका नेमकी हीच गोळी सोडतात, कारण सुस्ती येते, पोट फुगतं. अहो, सुस्ती येते म्हणूनच ती झोपताना घ्यायची! झेपत नसेल तर डॉक्टरांकडून प्रकार किंवा वेळापत्रक बदलून घ्या. परस्पर बंद करून इस्ट्रोजेन चालू ठेवणं सगळ्यात धोक्याचं. अमेरिकेनं ठेवलेला इशारा तो हाच.

"मी गोळी घेत नाही, इस्ट्रोजेनचं जेल लावते, मग मला प्रोजेस्टेरॉन कशाला?" लागतं. जेल कातडीतून रक्तात जातं, म्हणून तर वाफा थांबतात. रक्तातलं इस्ट्रोजेन अस्तरापर्यंत पोचणारच. जेलचा फायदा वेगळा आहे : ते यकृतातून फिरून येत नाही, त्यामुळे गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. वजन किंवा बीपी जास्त असेल तर डॉक्टर जेल सुचवतात ते यासाठी.

इशारा मोडायचा तिसरा प्रकार जाऊबाईंचा. जाऊबाईंना गुण आला, त्यांचीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवली. जाऊबाईंची पिशवी काढलेली, म्हणून त्यांना एकटं इस्ट्रोजेन. तुमची शाबूत. चिठ्ठी एकच, पण तुमच्यासाठी अर्धी.

पिशवी काढलेल्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधा. "बीएसओ" लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयंही गेली. ऊसतोडीच्या पट्ट्यात तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, आणि अंडाशयं राहिली की गेली हे कित्येकींना कुणी सांगितलेलंच नसतं. चाळिशीच्या आत अंडाशयं गेली असतील तर वरचा साठीतल्या बायकांचा हिशोब तुम्हाला लागूच नाही. दुसरी अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन घेणं हाडांसाठी आणि हृदयासाठी फायद्याचं. पिशवी पूर्ण काढली असेल तर बहुधा इस्ट्रोजेन एकटं पुरतं, आणि त्याच अभ्यासात एकट्या इस्ट्रोजेननं स्तनाचा कर्करोग वाढला नाही. एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) होता किंवा पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर तेवढं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

ज्यांनी घेऊ नये त्या : स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक झालेल्या, यकृताचा आजार चालू असलेल्या, अंगावरून रक्त जातंय पण कारण सापडलं नाही अशा. तंबाखू-मिश्री लावत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

नुसता खालचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवीचं इन्फेक्शन असेल तर एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनची योनीत लावायची क्रीम. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ती रक्तात फारच थोडी जाते, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, वर्षानुवर्षं चालते. आणि कमेंटमध्ये सगळ्यात जास्त घाबरतात ते या क्रीमला!

किती वर्षं घ्यायची? ठरलेली मुदत नाही. दोन्ही हार्मोन चालू असतील तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वर्षांगणिक थोडा चढतो, म्हणून दरवर्षी बीपी, स्तनांची तपासणी, वेळच्या वेळी मॅमोग्राफी, आणि डोस कमी करून बघता येतो का हा प्रश्न. सुरुवातीचे तीन ते सहा महिने मधेच थोडं रक्त अंगावरून जाऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही जात असेल, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर "पाळीच आली असेल" म्हणू नका. आतून सोनोग्राफी करून अस्तर मोजून घ्यायचं, लागलं तर तुकडा तपासायला द्यायचा. बंद केल्यावर वाफा बऱ्याच जणींना परत येतात, आणि हाडांना मिळालेला फायदाही ओसरतो. त्यामुळे थांबवायच्या आधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून पुढचं औषध ठरवून घ्या.