साळ्याला रसवंतीवर पाठवा

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी मघाशी मला ‘डॉक्टरीण बाई’ म्हटलं. आधीच सांगते, नाहीतर उद्या कोणी झोपेची गोळी मागायला येईल. मानसशास्त्रात एम.ए., मग क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं एम.फिल., आणि असं काम करायला लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. औषध लिहिणं मनोविकारतज्ज्ञाचं काम, माझं बोलण्याचं. खरं म्हणजे ऐकण्याचं. माहेर विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातलं, त्यामुळे ‘जीवाले गोड लागत नाई’ हे निदान मला एम.फिल.च्या आधीपासून कळत होतं.

विषय आहे मोठ्या माणसांचं समुपदेशन. पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार. आपल्याकडे मोठा माणूस एकटा येतच नाही. एक गृहस्थ आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बियाण्याच्या रिकाम्या थैलीत कागद: सिटी स्कॅन, ईसीजी, चष्म्याचा नंबर. सगळं नॉर्मल, तरी डोकं दुखायचं थांबत नाही. सोबत साळा. विचारलं, “झोप लागते?” साळा म्हणाला, “नाई लागत जी.” “भूक?” “अर्धी पोळी खाते.” “मनात काय येतं?” तेही साळ्यालाच माहीत! “काई नाई मॅडम, फालतूचं टेन्शन घेते. तुमीच समजावा.” भाऊजी पंख्याकडे बघत बसलेले.

साळ्यावर माझा राग नाही हं. तिकिटाचे पैसे त्यानंच दिले होते. पण मी त्याला समोरच्या रसवंतीवर पाठवलं, म्हटलं, बर्फ न टाकता दोन गिलास आणा, घाई नाही. बराच वेळ हे गप्प. मग म्हणाले, “मॅडम, मी बसस्टँडच्या रस्त्यानं जात नाई आता.” त्या रस्त्यावर कृषी केंद्र, तिथली उधारी थकलेली. आधी रस्ता सुटला, मग लग्नाकार्याला जाणं, शेवटी वावरात जाणं. स्कॅनमध्ये हे कुठून दिसणार? आणि लोक सांगतात, टेन्शन घेऊ नको. असं सांगणाऱ्यानं आजवर कोणाचं टेन्शन स्वतःच्या घरी नेल्याचं मी पाहिलेलं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर पद्धत, धावत धावत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सकडून घेतलं ते न्यायनिवाडा न करता ऐकणं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी मांडलं की घटनेइतकाच तिच्याबद्दलचा आपला विचार छळतो. ‘उधारी थकली’ वेगळं, ‘म्हणून मी माणसात बसायच्या लायकीचा नाही’ वेगळं. तिसरं, सुटलेली कामं थोडी थोडी परत धरणं. या गृहस्थांचं ठरलं, सकाळी अर्धा तास बांधावर, आणि दुकानदाराशी बोलायचं वाक्य आधी माझ्यासमोर म्हणून बघायचं. कर्ज माझ्यानं फिटत नाही, हेही मी सांगते.

हे खेड्यात चालतं का? आपल्याच अमरावती जिल्ह्यात 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी त्यासाठी मदत घेणारे 4.3 टक्के होते, 18 महिन्यांत 27.2 टक्के झाले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा त्यात मोठा वाटा.

शेवटचं, लिहून घ्या: 14416, टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही. कोणी निरवानिरवीचं बोलत असेल तर सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येते का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या, आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा. झालं, अध्यक्ष उठलेच.