गोल किती खाल्ले, एवढ्यावर भागत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

1 जुलै 2014. ब्राझीलमधल्या फुटबॉल विश्वचषकात अमेरिका आणि बेल्जियम समोरासमोर होते. बेल्जियमने दोन तास फटक्यांचा नुसता भडिमार चालवला होता आणि अमेरिकेचा गोलरक्षक टिम हॉवर्ड ते अडवत होता, कधी हाताने, कधी पायाने, कधी पोटरीने. जादा वेळेत अमेरिका 1-2 अशी हरली, पण नाव झालं हॉवर्डचं. त्याने 16 फटके अडवले, असं त्या दिवशी जाहीर झालं. नंतर फिफाच्या नोंदीत ते 15 झाले. 1966 पासूनच्या नोंदींमधला तो विक्रम तरीही त्याच्याकडेच राहिला. पण गंमत बघा, चेंडू अडवला की नाही, इतक्या साध्या गोष्टीतही मोजदाद बदलते. फटका गोलात जाणार होता की तसाही बाहेर गेला असता, हे शेवटी कुणीतरी डोळ्यांनी बघून ठरवायचं असतं.

आणि 15 फटके अडवावे लागले, ही त्याच्या पुढच्या बचावफळीबद्दलचीही एक बातमीच आहे, नाही का?

गोलरक्षकाला मोजायची जुनी रीत सोपी होती. गोल किती खाल्ले आणि किती सामन्यांत एकही खाल्ला नाही, म्हणजे क्लीन शीट किती. 2004-05 च्या इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगमध्ये चेल्सी संघाने 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले आणि त्यांचा गोलरक्षक पेत्र चेक याच्या नावावर 24 क्लीन शीट जमा झाल्या. चेक थोर गोलरक्षक, यात वादच नाही. पण त्याच्या पुढे जॉन टेरी आणि रिकार्डो कार्व्हालो हे बचावपटू होते, त्यांच्याही पुढे मधल्या फळीत क्लॉड मॅकेलेले. त्या 24 मध्ये चेकचा वाटा किती आणि या तिघांचा किती, हे तो आकडा सांगूच शकत नाही. दिवसभरात एकही फटका आला नाही, तरी क्लीन शीट मिळतेच.

मग आली टक्केवारी. गोलाच्या दिशेने 10 फटके आले, 7 अडवले, म्हणजे 70 टक्के. ही जरा बरी. पण तिच्यात तीस मीटरवरून सरळ छातीवर आलेला चेंडू आणि सहा मीटरवरून कोपऱ्यात ठोकलेला चेंडू एकाच मापाने मोजले जातात. हा दोष सगळेच सांगतात. दुसरा दोष मला जास्त मोठा वाटतो, आणि तो आहे नशिबाचा. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. समजा एका गोलरक्षकाचं खरं कौशल्य 70 टक्क्यांचं आहे आणि सामन्याला चार फटके त्याच्या वाट्याला येतात. 38 सामन्यांचे झाले 152. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या नियमाने, निव्वळ योगायोगामुळे त्याचं वर्ष 63 टक्क्यांवरही येऊ शकतं आणि 77 वरही जाऊ शकतं. माणूस तोच, हात तेच. एका वर्षी लोक त्याला डोक्यावर घेतील, पुढच्या वर्षी बाकावर बसवतील, आणि दोन्ही वेळा पुरावा म्हणून टक्केवारीच दाखवतील.

आता पहिल्या दोषावर विश्लेषकांनी काढलेला उपाय. त्याला म्हणतात फटक्यानंतरचे अपेक्षित गोल. पेनल्टीचं उदाहरण घेऊ. 11 मीटरवरून मारलेल्या दर चार पेनल्टींपैकी तीनांहून थोड्या अधिक गोल होतात, म्हणून लाथ बसण्याआधी तिची किंमत धरतात पाऊण गोलाच्या जरा वर. पण चेंडू पायातून सुटला की किंमत बदलते. गोलरक्षकाच्या पुढ्यात हळू गेला तर ती कोसळते, आडव्या दांड्याच्या खाली, खांबाला घासून गेला तर जवळजवळ एक होते. 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच चौकटीत चेंडू कुठे चालला होता, त्यावरून प्रत्येक फटक्याला अशी किंमत लावायची आणि वर्षाची बेरीज करायची. बेरीज आली 66 आणि गोल खाल्ले 60, तर त्याने सहा गोल वाचवले.

आता 60 गोल खाणारा गोलरक्षक बहुधा तळाच्या संघातला असतो आणि वर्षभर शिव्या खात असतो. त्याच्या बाजूने बोलणारा हा पहिला आकडा. याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो, चुकीचा दोष आणि फुकटचं श्रेय काढून घेण्यात. पहिला कोण आणि सातवा कोण, अशी क्रमवारी त्यावरून लावू नये. नशिबाचा घोळ इथेही आहेच.

शिवाय यात न मावणारं बरंच काही उरतं. कॉर्नरवरून चेंडू आत येतोय. एक गोलरक्षक दोन पावलं पुढे होतो, गर्दीत घुसतो आणि मुठीने चेंडू बाहेर घालवतो. फटका नाही, म्हणून सेव्ह, म्हणजे अडवलेला फटका, तोही नाही, नोंद शून्य. दुसरा रेषेवरच थांबतो, समोरून हेडर बसतो, तो झेप घेऊन अडवतो. टाळ्या यालाच, टक्केवारीही यालाच. तसंच स्ट्रायकर एकटा सुटला की चांगला गोलरक्षक पुढे येऊन कोन इतका आवळतो की समोरचा घाईत चेंडू बाहेर मारतो. पण वरची बेरीज फक्त चौकटीत जाणाऱ्या फटक्यांची. बाहेर गेलेल्या फटक्याचं श्रेय त्याला छदामभरही नाही! क्रॉस, म्हणजे बाजूने आत आलेले चेंडू, किती पकडले, रेषेपासून किती पुढे उभा होता, हे हल्ली वेगळं मोजतात, पण त्याची बेरीज सेव्हमध्ये कशी मिसळायची, यावर अजून वाद आहेत.

जाता जाता पेनल्टीबद्दल. 2014 च्याच विश्वचषकात, कोस्टा रिकाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, जादा वेळेच्या अगदी शेवटी नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुईस व्हान गाल यांनी यास्पर सिलेसनला बाहेर काढून टिम क्रुलला आत पाठवलं, केवळ शूटआउटसाठी, म्हणजे बरोबरी सुटली नाही की निकालासाठी मारतात त्या पेनल्टींसाठी. क्रुलची उंची जास्त, हात लांब, असा त्यांचा हिशेब होता. क्रुलने पाचही वेळा बरोबर बाजूला झेप घेतली. दोन अडवल्या, तीन त्याच्या हातापलीकडून आत गेल्या. नेदरलँड्स 4-3 ने जिंकले आणि टक्केवारीच्या वहीत क्रुलच्या नावापुढे 40 लागले.