मांडी घालून

श्रोतेहो, नमस्कार. मी नेरुळला मोटार शिकवतो. पाम बीच रोडवर पुढेमागे लाल ‘एल’ लावलेली, तुमच्यापुढे तीसच्या वेगाने चाललेली आणि जिच्यामागे तुम्ही हॉर्न वाजवत येता, ती गाडी आमची. हॉर्न वाजवू नका हो. आत बसलेल्या माणसाचे तेव्हा दोन्ही पाय थरथरत असतात. आणि हॉर्न वाजवून नवी मुंबईत आजवर कुठला सिग्नल लवकर सुटलाय?

तर, आमची ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची जिल्ह्याची एक संघटना आहे. तिच्या अध्यक्षपदाला मी यंदा उभा आहे. घाबरू नका, तुम्हाला मत नाही, त्यामुळे प्रचारही नाही. पण उभा का राहिलो, त्यामागे एक काकू आहेत. त्यांची गोष्ट सांगतो.

त्याआधी एक आकडा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कार शिकवायची तर कोर्स किमान 21 दिवसांचा आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान दहा तास. दहा तास, लक्षात ठेवा. रोज अर्धा तास धरला की 21 दिवसांत साडेदहा होतात, हिशेब बसतो. फक्त त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं सिग्नलला जातात, ती कोणी मोजत नाही. मग आम्ही पाच नंबरचा फॉर्म देतो: यांना आम्ही शिकवलं. खाली माझी सही.

आता काकू. वय 56. तीस वर्षं घरी ब्लाऊज शिवायचा धंदा, पायाचं मशीन. पहिल्या दिवशी काकाही आले आणि मागच्या सीटवर बसले. “अगं, गिअर बघ, गिअर!” दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. मी काही विचारलं नाही.

आमच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो, हे तुम्हाला माहीत असेल. नियमच आहे तसा. माझी पेडलं आणि शिकणाऱ्याची पेडलं खालून जोडलेली. मी दाबलं की तिकडचंही खाली जातं. रिक्षा आडवी आली, मी हळूच ब्रेक दाबतो. शिकणाऱ्याला वाटतं आपणच गाडी थांबवली. त्याला धीर येतो, मला फी मिळते, सगळे खूश.

काकू झकास शिकत होत्या. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवटच सोडून धरायचा, ते इंजिनिअर झालेल्या पोरांना मला आठवडाभर समजवावं लागतं. त्यांना एकदाच सांगितलं. म्हणाल्या, “म्हणजे जाड कापडावर मशीन सुरू करताना पाय जसा जपून सोडतो, तसंच ना?” तसंच काकू, अगदी तसंच.

एकोणिसाव्या दिवशी तुर्भ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर देऊन, व्यवस्थित. गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सर, तीस वर्षं मशीन चालवतेय. पेडलवर दुसऱ्याचा पाय असला की मला कळतं.”

मी गप्प.

“पहिल्या दिवसापासून कळतंय. म्हटलं, कमी होईल हळूहळू. पण कमी होईना.”

काय बोलणार? खरंच होतं. त्यांचा पाय क्लचवर पोचायच्या आत माझा पोचायचा. सवय हो, बावीस वर्षांची सवय. एकोणीस दिवस गाडी माझ्या पायांनी चालली होती.

“उद्या सकाळी साडेसहाला पारसिक हिल,” काकू म्हणाल्या. आमची नवी मुंबई तशी सपाट, चढ म्हणजे उड्डाणपूल नाहीतर टेकडी. “तुम्ही मांडी घालून बसायचं.”

दुसऱ्या दिवशी मी चपला काढल्या आणि त्या एवढ्याशा सीटवर, बेल्ट लावून, मांडी घालून बसलो. गुडघा दाराला टेकलेला. अर्ध्या चढावर काकूंनी गाडी थांबवली. माझा उजवा हात हळूच हँडब्रेककडे गेला.

“हातसुद्धा मांडीवर, सर.”

त्यांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. वीतभर मागे सरकली. माझ्या उजव्या पायाने मांडीतल्या मांडीत ब्रेक दाबला, शपथ! पण काकूंनी हँडब्रेक ओढला होता. पुन्हा सुरू केली. क्लच थोडा, ॲक्सिलरेटर थोडा, बॉनेट किंचित उचललं गेलं, मग हँडब्रेक खाली. गाडी वर गेली. माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, उतरताना लंगडत होतो. काकू थर्मासमधला चहा ओतत होत्या.

चढावर गाडी थांबवून, मागे न जाऊ देता पुढे काढणं हे लायसन्सच्या परीक्षेतही नियमाने आहेच. आहेच, पण आम्ही शिकवतो ते आठ आकडा आणि रिव्हर्स.

म्हणून संघटनेच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, शेवटचे तीन दिवस शिकवणाऱ्याने पाय वर घ्यायचे. मोकळ्या रस्त्यावर घ्या, पहाटे घ्या, पण घ्या. हशा पिकला. “काही झालं तर जबाबदार कोण?” असंही कोणी विचारलं. प्रश्न रास्त आहे. फी वाढवा म्हणणाऱ्यांचंही चूक नाही, शिकाऊ पायाखाली क्लच प्लेट किती दिवस टिकते ते आम्हालाच माहीत. आणि 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आलेत: कारसाठी 29 तासांचा कोर्स, त्यात 21 तास प्रॅक्टिकल, आणि जागा किमान एक एकर. एक एकर! नवी मुंबईत! इथे स्कूटर लावायला जागा मिळेना. पण ते 21 तास आणि आमचे दहा तास शेजारी ठेवून बघा.

मतदान रविवारी आहे. संघटनेत मला आता ‘मांडीवाले सर’ म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा.

काकूंना लायसन्स मिळालं. त्यांनी मला ब्लाऊजच्या उरलेल्या खणाची एक चपटी उशी शिवून दिली, बसायला. ती डाव्या सीटवर असते. नवीन आलेली पोरं विचारतात, “सर, ही कशाला?”

मी सांगतो, एकोणिसाव्या दिवशी कळेल.