पेवातला कंदील

(शाळेचा वऱ्हांडा, सकाळ. मोटरसायकलवर मागं दोरीनं बांधलेला थर्माकोलचा बॉक्स.)

हा बॉक्स आज पहाटे बेळगावातनं निघालाय. काकती, हत्तरगी, संकेश्वर करत चिकोडी तालुक्यातल्या या गावात पोचायला अडीच-तीन तास गेले आणि तेवढ्यात आतला माल कमी झाला, कुणी काढला नाही, कुठं सांडला नाही, बॉक्सला साधी ओलसुद्धा नाही. सरांनी बेळगावात चार किलो मोजून घेतलेला, इथं जेवणाच्या खोलीतल्या काट्यावर ठेवला तर साडेतीन. अर्धा किलो रस्त्यातच हवा झाला, म्हणजे खरोखरच हवा.

ड्राय आइस. कार्बन डायऑक्साइड गोठवून केलेला बर्फ, तापमान उणे 78.5 अंश सेल्सियस, आणि हा वितळून पाणी होतच नाही, घनातनं थेट वायू. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात, पण आठवीतल्या पोरांना सरांनी पुस्तक नाही दाखवलं, देव्हाऱ्यातल्या कापराचं विचारलं. डबी बंद करून ठेवली तरी कापूर कमी का होतो? एक मुलगी लगेच म्हणाली, आमची आई त्यात मिरी टाकून ठेवते, नाहीतर उडून जातोय. बास, संप्लवन समजलं, पुढं चला.

बॉक्सचं झाकण उघडलं, कोमट पाण्याच्या टबात दोन तुकडे पडले आणि पांढरे लोट टबाच्या काठावरनं खाली उतरायला लागले, तशी मागनं एक आरोळी, "सर, लग्नात नवरा-नवरी येत्यात तवा सोडत्यात की ह्यो धूर!"

आणि आजचा सगळा तास खरं तर या एका शब्दाभोवती फिरला. धूर. कारण हा धूर नाहीये, आणि तो कार्बन डायऑक्साइडपण नाहीये. तो वायू डोळ्यांना दिसतच नाही. तुम्हाला जे पांढरं दिसतंय ते साधं पाणी आहे, थंडीनं वाफेचे बारीक थेंब झालेत, पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात गाडीसमोर येतं ते जे धुकं, तेच. खरा वायू त्या धुक्याच्या आत लपून खाली उतरतोय, हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून वर न जाता पाण्यासारखा वाहतोय. धुकं विरलं तरी तो तिथंच असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

(फळ्यावरचं गणित.)

प्रयोग वर्गात न करता वऱ्हांड्यात का, हे सरांनी पोरांकडनंच काढून घेतलं. एक किलो ड्राय आइसचा साधारण 540 लिटर वायू होतो. साडेतीन किलोचे जवळजवळ 1900 लिटर. वर्गखोली 20 फूट बाय 20, उंची 10, म्हणजे 4000 घनफूट, एका घनफुटात 28 लिटरच्या वर हवा, हिशोब करत गेलं की दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत हा वायू दीड टक्क्याच्या पुढं जातो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास असतो. तीन-चार टक्क्याला डोकं दुखायला लागतं, धाप लागते, दहाच्या आसपास माणूस शुद्ध हरपतो. म्हणून वऱ्हांडा, आणि म्हणूनच बॉक्स मोटरसायकलवर, काचा बंद केलेल्या कारमध्ये नाही. मला हे गणित फार आवडलं, कारण टक्केवारी कशासाठी शिकायची हे कुणाला वेगळं सांगावंच लागलं नाही.

बाकीची सावधगिरी सांगतो कारण व्हिडिओ बघून कुणीतरी घरी करणारच. उघड्या हातानं धरायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते, सरांच्या हातात जाड कातडी हातमोजे होते आणि पोरांकडं चिमटे. बाटलीत टाकून बूच लावायचं नाही, कधीच नाही, वायूला जागा मिळाली नाही की बाटली फुटते आणि तुकडे डोळ्यात जातात. आणि तोंडात घालायचं नाही. 2024 साली गुरुग्राममध्ये एका हॉटेलात जेवणानंतर माउथ फ्रेशनर समजून पाच जणांनी ड्राय आइस खाल्ला, रक्ताच्या उलट्या झाल्या. एवढं सांगून झाल्यावरच पहिला चिमटा पोरांच्या हातात गेला.

मग मजा सुरू झाली. स्टीलचा चमचा तुकड्यावर दाबला की तो किंचाळतो, खरंच किंचाळतो, चमच्याच्या उबेनं खालून वायू सुटतो आणि चमचा थरथरतो त्याचा तो आवाज. फुग्यात शेंगदाण्याएवढा खडा टाकून तोंड बांधलं, फुगा आपोआप फुगत गेला. टबाच्या वर साबणाचे फुगे सोडले तर ते खाली पडेनात, अधांतरी डुलत राहिले, कारण खाली दिसत नसलेल्या वायूचा थर आहे आणि साबणाचा फुगा त्यावर तरंगतोय, तळ्यावर पान तरंगावं तसा.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो कुंकवाचा प्रयोग. पानाला लावतात त्या चुन्याची निवळी ग्लासात घेतली, चिमूटभर हळद टाकली, लालभडक झालं, आपलं पूर्वीचं कुंकू असंच तर व्हायचं, हळद आणि चुना. त्यात ड्राय आइसचा खडा सोडला, ग्लास उकळल्यासारखा खदखदला, आणि लाल पाणी बघता बघता पिवळं. वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल झालं, त्यानं चुन्याचा जोर मोडला, हळद परत हळद झाली. निवळी गढूळ दिसतेय ती चुनखडी. पोरींनी तो ग्लास हातोहात सगळीकडं फिरवला.

एक आठवण इथंच सांगून टाकतो. कन्नडच्या तासाला ही पोरं कार्बनला 'इंगाल' म्हणतात आणि घरात आजीच्या तोंडी चुलीतला निखारा म्हणजे 'इंगळ'. दोन भाषांत राहणाऱ्या पोरांना असे शब्द फुकट मिळतात, आणि सरांनी ते बरोब्बर पकडले.

(तीन मेणबत्त्या, लहान-मध्यम-मोठी, काचेच्या पेटीत.)

आता मेणबत्त्या. पेटीच्या तळाशी ड्राय आइसचा चुरा, आणि तीन उंचीच्या तीन मेणबत्त्या पेटवलेल्या. सगळे गप्प. आधी सगळ्यात बुटकी विझली. मग मधली. उंच मेणबत्ती मात्र जळत राहिली बराच वेळ. कुणी फुंकर मारली नाही, पाणी टाकलं नाही, वायू तळापासनं भरत आला आणि ज्योतीला प्राणवायू मिळेना.

तेव्हा तो मघाचाच पोरगा, धूर म्हणणारा, हळू आवाजात म्हणाला, "सर, आमचा आज्जा पेवात कंदील सोडायचा."

सर थांबले. प्रयोगाचा कागद बाजूला ठेवला आणि आज्जाला बोलवून आणायला सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद, आत पोटासारखं रुंद, कडेनं कडबा लावायचा, जोंधळा भरायचा, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. कन्नडमध्ये त्याला हगेव म्हणतात. जोंधळा वर्षानुवर्षं राहायचा त्यात, किडीशिवाय. का राहायचा? कारण दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, त्याच्यातले किडे पण घेतात, आणि बंद पेवातला प्राणवायू संपत जाऊन कार्बन डायऑक्साइड साठत जातो. किडे गुदमरतात, धान्य टिकतं. आणि पेव उघडून कुणी घाईनं आत उतरला तर तो पण तसाच गुदमरतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तोही.

आज्जा आले, ऐंशीच्या घरातले, हातात खरोखरच कंदील घेऊन. सरांनी एक उंच निळं बॅरल मागवलं, तळाशी गरम पाणी, उरलेला सगळा ड्राय आइस त्यात. बॅरल पांढऱ्या धुक्यानं भरून वाहिलं. मग वाट बघितली. पाणी थंड झालं, धुकं बसत बसत गेलं, आणि बॅरल अगदी रिकामं दिसायला लागलं, तळातलं पाणी स्वच्छ दिसतंय, काही नाही.

आज्जांनी लांबनंच मान उंच करून बघितलं. "मास्तर, तुमचा धूर गेला की. यात काय बी न्हाई."

"कंदील सोडून बघा."

दोरीला कंदील बांधला, पेटवला, हळूहळू खाली सोडला. अर्ध्यावर गेला आणि ज्योत बारीक झाली, वातीवरनं सुटल्यासारखी हलली, आणि गेली. आज्जा किती तरी वेळ दोरी तशीच धरून उभे होते. मग म्हणाले, "असंच व्हायचं. अगदी असंच."

1986 साली आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये न्योस नावाच्या तलावातनं हाच वायू एका रात्रीत उसळून बाहेर आला, दरीत उतरला आणि सुमारे 1700 माणसं गेली. सरांनी तेही सांगितलं. पण पोरांच्या नजरा त्या बॅरलवरच होत्या.

एक गोष्ट इथं सरांनी जोरात सांगितली आणि मीही सांगतो. कंदील जळतोय म्हणजे आत उतरायला हरकत नाही असं नाही, ज्योत टिकते तेवढ्या हवेतही माणसाला त्रास होऊ शकतो. आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये तर ज्योत न्यायचीच नाही, तिथं मिथेन असतो, भडका उडतो. तिथं माणूस पडला तर मागोमाग उतरायचं नाही, ओरडायचं, 112 ला फोन करायचा, फायर ब्रिगेडची वाट बघायची. हे ऐकताना आज्जा मान हलवत होते.

मग बॅरल अंगणात नेऊन आडवं केलं. पोरगा कंदील पेटवून लगेच आत सरकवायला निघाला तर आज्जांनी हात धरला.

"थांब की. वारं खेळू दे आधी."

"किती वेळ आज्जा?"

"आमी फरशी काढली की अर्धा दिस पेवाकडं बघायचो बी न्हाई."

जेवणाची घंटा झाली, पोरं ताटं घेऊन रांगेला लागली. तो पोरगा मात्र बॅरलपाशीच बसून राहिला, कंदील बाजूला पेटता ठेवून.